ड्रोनच्या वँकेल इंजिनसाठी सील: सगळी व्हायटनमध्ये करू की वेगवेगळी?

रबाळे_रबर:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं रबर मोल्डिंगचं युनिट आहे, ओ-रिंग, गॅस्केट, डायफ्राम, बुश अशी कामं, गिऱ्हाईक बहुतेक पंपवाले आणि केमिकलवाले. आता एक वेगळीच चौकशी आलीय. पार्टी नवी मुंबईतलीच, तरुण मुलं आहेत, पंखांचं मोठं ड्रोन करतायत जे कित्येक तास हवेत राहील, आणि त्यात सिंगल रोटर वँकेल इंजिन आहे (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते), पाण्यावर थंड होणारं, साइड हाउसिंग बिडाची आणि मधलं रोटर हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. पंपावरचं साधं पेट्रोल, त्यात टू-स्ट्रोक ऑइल मिसळून चालवतात.

ड्रॉइंगवर सगळ्याच सीलपुढे एकच लिहिलंय, "व्हायटन ७५ शोअर" (व्हायटन म्हणजे फ्लोरिनवालं रबर, शोअर म्हणजे कडकपणाचं माप). कूलंटच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही रिंग, शाफ्टचं ऑइल सील, पेट्रोलच्या बाजूच्या ओ-रिंग, सगळं तेच. पण सॅम्पल म्हणून त्यांनी जी जुनी कूलंट रिंग दिली ती सिलिकॉन वाटते, आणि परत त्यांना कोणीतरी सांगितलंय की टेफ्लॉनचं आवरण असलेली वापरा. वर अ‍ॅपेक्स सीलचं (रोटरच्या टोकांवर बसतं ते) पण विचारत होते, ते आपलं काम नाही पण निदान बरोबर दिशा तरी दाखवावी म्हणतो.

व्हायटन आम्ही रोज करतो, उद्या मोल्ड टाकून माल देऊ शकतो. पण ही वस्तू हवेत जाणार आणि खाली लोकांची घरं असणार, त्यामुळे ड्रॉइंगप्रमाणे दिलं म्हणून हात झटकणं मला पटत नाहीये. कोणी या इंजिनात हात घातलाय का? एकाच मटेरियलमध्ये सगळं करणं बरोबर आहे का?

पावणे_कंपाउंडर:
भाऊ प्रश्न छान विचारलास. माझं काम कंपाउंडिंगचं, म्हणून रबरापुरतं बोलतो.

"व्हायटन" एवढंच लिहिलेलं ड्रॉइंग म्हणजे अर्धवट ड्रॉइंग. एफकेएममध्ये, म्हणजे व्हायटनच्या जातीच्या रबरात, ग्रेड कितीतरी आणि स्वभाव वेगवेगळे. आपल्याकडे सर्रास जे चालतं ते ए टाइप, ६६ टक्के फ्लोरिन, बिस्फेनॉल क्युअर (क्युअर म्हणजे रबर पक्कं करणं, त्याची ही एक रीत, पेरॉक्साइड दुसरी). गरम तेल, पेट्रोल, कोरडी उष्णता यात ते उत्तम, २०० डिग्रीपर्यंत आरामात. पण कूलंटच्या बाजूला त्याची परीक्षा वेगळी होते, कारण बिस्फेनॉल क्युअरला मॅग्नेशियम ऑक्साइड आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड लागतं आणि ते आत राहतं, मग गरम पाणी आणि वाफेत रबर हळूहळू पाणी पितं, फुगतं, आणि कूलंटमध्ये अमाइनवालं गंजरोधक असेल तर कडक होऊन तडे जातात. तेच पेरॉक्साइड क्युअरचं एफकेएम घेतलं तर पाणी, वाफ, ग्लायकॉल यात पुष्कळ चांगलं टिकतं. म्हणजे पार्टीला पहिला फोन हा करायचा की कूलंट नक्की कुठलं भरताय, डब्याचा फोटो पाठवा. त्याशिवाय कोटेशन देऊ नकोस.

सिलिकॉनचं म्हणशील तर गरम-थंड दोन्ही सोसतं, साधारण उणे ५५ पासून वर २०० च्या पुढेपर्यंत, आणि मऊ असल्यामुळे थोड्या खडबडीत खाचेत पण बसतं. पण चिरतं लगेच, पेट्रोल आणि तेलात फुगतं, आणि बंद जागेत वाफ कोंडली की त्याची साखळी तुटून चिकट व्हायला लागतं. मूळ सॅम्पल सिलिकॉन दिसतंय म्हणून तेच करावं असं नाही, त्या इंजिनाला किती तासांनी उघडायचं म्हणून ठरवलं होतं ते आपल्याला माहीत नाही.

ईपीडीएम रबर कोणी सुचवलं तर? कूलंटसाठी ते राजा, पेरॉक्साइड क्युअरचं १५० डिग्रीपर्यंत. पण तेल आणि पेट्रोल लागलं की फुगून खाचेबाहेर येतं, आणि तुझ्या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल आहे, म्हणजे आतल्या रिंगजवळ ते पोचणारच. जुळवताना रिंग खाचेत धरून राहावी म्हणून मुलं व्हॅसलीन लावतात, तेवढंसुद्धा ईपीडीएमला बाधतं. म्हणून नको. बाहेरच्या रिंगसाठी मात्र एचएनबीआरचा (नायट्राइल रबराचीच सुधारलेली जात) विचार जरूर कर, १५० पर्यंत चालतं, तेल पण सोसतं, कूलंट पण सोसतं, मजबूत आहे आणि भाव एफकेएमपेक्षा कमी. बाहेरच्या रिंगच्या एका अंगाला कूलंट आणि दुसऱ्या अंगाला हवा, तिथे महागडं काही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. तापमानाचा तक्ता बघून सील निवडू नकोस, कॉम्प्रेशन सेट बघ. रिंग तिथे महिनोन् महिने दाबलेली राहते आणि उष्णतेने जुन्या गादीतला कापूस दबतो तशी दबते, मग इंजिन थंड झालं की धातू आकसतो पण रिंग परत वर येत नाही आणि तिथून कूलंट आत शिरतं. त्याच्या चाचणीचं स्टँडर्ड एएसटीएम डी ३९५, मेथड बी, २५ टक्के दाब, ७० तास, आणि तापमान १५० आणि २०० अशा दोन्ही ठिकाणी आकडे काढून घे. आणि हो, पोस्ट क्युअर पूर्ण कर. ओव्हनमध्ये २०० च्या वर १६ ते २४ तास लागतात, लाइट बिल वाचवायला काही जण सहा तासांत ट्रे बाहेर काढतात, शोअर बरोबर येतो, दिसायला पण माल तोच, पण सेट दुप्पट खराब येऊ शकतो आणि ते इंजिनात गेल्यावरच कळतं.

ठाणेकर_रोटर:
वरच्या भाऊंनी रबराचं सगळं सांगितलं, मी इंजिनाच्या बाजूने सांगतो. (वागळे इस्टेटला मशीन शॉप आहे, रोटरीचा नाद जुना.)

आधी एक, नेटवर रोटरी विमान इंजिन शोधलं तर पहिल्या महायुद्धातली नोम आणि ल रोन येतात, ती वेगळी, त्यात सिलिंडरच गोल फिरायचे. गंमत अशी की त्यांचं पण दुखणं सीलच होतं, नोमचे सिलिंडर पातळ पोलादाचे आणि एका बाजूनेच वारा लागायचा त्यामुळे ते किंचित वाकडे व्हायचे आणि म्हणून पिस्टनला पितळेची पातळ ऑब्ट्युरेटर रिंग घालायला लागायची, जी लवकर जायची. असमान उष्णता आली की सील अडचणीत येतं, ते तेव्हाही होतं आणि वँकेलमध्ये तर ते पहिल्या दिवसापासून आहे.

कारण काय, पिस्टनवाल्या इंजिनात एकाच जागी आत थंड मिश्रण येतं आणि तिथेच जळतं, सगळं सरासरीवर येतं. वँकेलमध्ये स्पार्क प्लगजवळ कायम आग आणि इनटेकजवळ कायम थंड हवा. हाउसिंगची एक बाजू भाजते आणि दुसरी कोमट. त्यामुळे "कूलंट ९० डिग्री आहे मग सील पण ९० ला" हा हिशोब चुकतो. आतली रिंग प्लगच्या अंगाला कूलंटपेक्षा पुष्कळ जास्त तापते, आणि रिंग गेली की बहुतेक वेळा तिथलीच गेलेली सापडते.

दुसरं, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र. अ‍ॅल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन प्रति मीटर प्रति डिग्री वाढतं, बीड ११ च्या आसपास. समजा हाउसिंग २०० मिमी आहे आणि ८० डिग्रीने तापलं, तर अ‍ॅल्युमिनियम ०.३७ मिमी वाढलं आणि बीड ०.१८ च्या आसपास, म्हणजे दोघांत पाव मिमीपेक्षा थोडा कमी फरक, आणि तो दर वेळी इंजिन चालू-बंद केलं की. म्हणजे रिंग नुसती दाबलेली नाही, ती दर वेळी थोडी घासली पण जातेय. म्हणून खाचेचं फिनिश बघा, कड धारदार ठेवू नका, आणि खाच ठासून भरू नका. रबर धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, ८५ टक्क्यांच्या वर खाच भरली तर गरम झाल्यावर त्याला जायला जागाच नाही, मग ते कडेने बाहेर येतं आणि कापलं जातं. हे ड्रॉइंगमध्ये पार्टीने बघितलंय का विचार.

रिंग गोल नसते, हाउसिंगच्या आकाराची असते, म्हणून काही जण दोरी कापून फेविक्विकसारख्या गोंदाने जोडतात. विमानाला ते नकोच. पूर्ण मोल्ड करता आली तर उत्तम, जोड द्यावाच लागला तर व्हल्कनाइझ केलेला आणि तो इनटेकच्या थंड अंगाला बसेल असा.

आता अ‍ॅपेक्स सील. यात मटेरियल एकट्याचं बघून चालतच नाही, जोडी बघायची, सील आणि हाउसिंगचा थर. रोटर फिरताना सीलचा हाउसिंगशी कोन सतत बदलतो, वर सील खाचेत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टेकते, त्यामुळे थरथरते आणि हाउसिंगच्या क्रोमच्या थरावर आडवे ओरखडे पडतात, माझदावाल्यांनी त्यांना सैतानाची नखं म्हटलं होतं. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टमध्ये त्यांनी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेलं सील लावलं आणि तो त्रास आवरला, पुढे बिडाचं सील आलं ज्याची कड इलेक्ट्रॉन बीमने कडक केलेली असते. त्याच १९६७ सालच्या एनएसयू रो ८० ची सील लवकर झिजायची आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी जेरीला आली. नंतर त्यांनी फेरोटिक म्हणजे टायटॅनियम कार्बाइडवालं पोलाद घेतलं पण तोवर नाव खराब झालं होतं.

सिरॅमिक म्हणशील, तर १९९१ ला ल मान्स जिंकलेल्या माझदा ७८७बी च्या चार रोटरच्या इंजिनात सिलिकॉन नायट्राइडची सील होती. त्याची घनता ३.२ च्या आसपास, बिडाची ७.२, म्हणजे वजन निम्म्याहून कमी, त्यामुळे जास्त आरपीएमला ते हाउसिंगवर कमी दाबतं आणि झीज कमी होते. पण ठिसूळ. नॉकिंग झालं (मिश्रण अवेळी भडकलं) की तुकडे. लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणावर, तापलेलं, जबाबदारी सगळी एका रोटरवर, अशा ड्रोनसाठी मी पहिल्यांदा बीडच घेईन आणि जो थर इंजिनवाल्याने दिलाय त्याच्यासाठी त्याने जे सांगितलंय तेच. आपल्या मनाने निकसिलवर (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर) क्रोमची सील आणि क्रोमवर भलतीच कसली असं केलं तर सील वाचेल आणि हाउसिंग जाईल, आणि हाउसिंगची किंमत तुला माहितेय.

टीएफई_प्रेमी_वाशी:
एवढं कशाला, परदेशात घरी विमान बांधणारे लोक माझदाच्या १३बी या दोन रोटरच्या इंजिनाला टेफ्लॉन आवरणाच्या रिंग घालतात की. आत व्हायटन किंवा सिलिकॉनचा गाभा, बाहेर एफईपी, टेफ्लॉनच्याच जातीचं प्लास्टिक. कुठलंच केमिकल लागत नाही, २०० डिग्री सहज. प्रश्न संपला.

पावणे_कंपाउंडर:
वाशीकर, वस्तू चांगली आहे, मी नाकारत नाही, पण प्रश्न संपत नाही. आवरण कडक असतं, त्यामुळे रिंग दाबायला जोर जास्त लागतो आणि सोडल्यावर परत वर येणं रबरापेक्षा कमी. वर टेफ्लॉन जातीचं प्लास्टिक दाब लागला की हळूहळू सरकतं. छोट्या इंजिनात वळणं लहान असतात, वळणावर आवरणाला सुरकुती पडली तर तिथूनच गळती सुरू. आणि बसवताना नखाने चिरलं तर वरून दिसत पण नाही, आत कूलंट गाभ्याला लागतं आणि फुगायला लागतं. खाच ज्यांनी त्या रिंगसाठीच कापलीय, पृष्ठभाग लॅप केलेला (घासून अगदी सपाट) आहे, तिथे वापरा. साध्या ओ-रिंगसाठी कापलेल्या खाचेत ती घालून मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं.

ठाणेकर_रोटर:
+१. मोठ्या १३बी मध्ये वळण मोठं असतं म्हणून तिथे जमतं. ड्रोनच्या इंजिनात वळण केवढं ते आधी मोजा.

खारघर_एएमई:
मी एअरक्राफ्ट मेंटेनन्समधून रिटायर झालोय. पोरांनी चांगली चर्चा केली, पण विमान म्हणून ज्या गोष्टी वेगळ्या त्या कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

रेडिएटरचं झाकण बाहेरच्या हवेच्या मानाने दाब धरतं, हे लक्षात घ्या. जमिनीवर एक बारच्या झाकणाने निम्मं ग्लायकॉल निम्मं पाणी १२५ डिग्रीच्या पुढे उकळतं. १०,००० फुटांवर बाहेरचा दाब साधारण ०.७ बारवर येतो, तेच झाकण, तेच कूलंट, पण उकळायचं तापमान खाली आलं. गाडीत सगळं बरोबर चालणारं इंजिन वर गेल्यावर प्लगजवळ आतल्या आत बुडबुडे करतं, आणि बुडबुडा आला म्हणजे तिथला धातू कोरडा पडला, म्हणजे सीलला पाणी नाही तर वाफ आणि कोरडी उष्णता आळीपाळीने लागते. पावणेवाल्यांनी वाफेतल्या सिलिकॉनचं सांगितलं ते म्हणूनच महत्त्वाचं. आतल्या रिंगसाठी माझं मत पेरॉक्साइड क्युअर एफकेएमलाच.

मग थंडी. मुंबईत ३५ डिग्रीला उडालात तर १०,००० फुटांवर १५ च्या आसपास असाल, काही अडचण नाही. पण ड्रोनवाले गिऱ्हाईक बऱ्याचदा लेह-लडाखचं नाव घेतात. तिथे पहाटे उणे २० ला इंजिन सुरू करायचं म्हटलं तर साधं ए टाइप एफकेएम काचेसारखं कडक झालेलं असतं, उणे १५-१७ च्या आसपासच त्याचं लवचिकपण जातं. गळती त्या पहिल्या पाच मिनिटांत होते. तसा वापर असेल तर जीएलटी जातीचं लो टेम्परेचर ग्रेड घ्या, महाग आहे, पण दुसरा इलाज इंजिन आधी गरम करून घेणं हाच. म्हणून पार्टीला विचारा ड्रोन कुठे उडणार.

पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. साधं नायट्राइल रबर काढून टाका. ए टाइप एफकेएम चालून जातं पण जरा जास्त फुगतं, इंधनाच्या ओ-रिंगला ६८ किंवा ७० टक्के फ्लोरिनचं घेतलं तर निश्चिंत. पण फ्लोरिन वाढवलं की थंडीतला लवचिकपणा कमी होतो, दोन्ही एकदम मिळत नाही, साध्या ग्रेडमध्ये तरी. काही जण एव्हगॅस १००एलएल टाकायचं म्हणतील, रबराला ते चालतं पण त्यात शिसं आहे, वँकेलला एवढ्या ऑक्टेनची गरज नसते आणि शिशाची पुटं प्लगवर आणि अ‍ॅपेक्स सीलच्या खाचेत बसतात.

शाफ्टचं ऑइल सील, तिथे वेग मोजा. रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो, आरपीएम म्हणून सांगतात तो शाफ्टचा. ३५ मिमीचा शाफ्ट ७,५०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला १३.७ मीटर. नायट्राइल अगदी काठावर, एफकेएम लिप आरामात. तिथे ड्रॉइंगमधलं व्हायटन बरोबर आहे.

आणि कागद. प्रत्येक पिशवीवर कंपाउंडचा बॅच नंबर, क्युअर झाल्याची तिमाही आणि साल. एअरोस्पेसमध्ये एआरपी ५३१६ या स्टँडर्डप्रमाणे नायट्राइलला १५ वर्षं साठवणूक, एफकेएम आणि सिलिकॉनला मर्यादा नाही, पण ती बंद पिशवीत, उन्हापासून लांब. दुकानात खिळ्याला माळ करून टांगलेल्या ओ-रिंग, मुंबईत नागदेवीच्या बाजारात बघता तशा, हवेत जाणाऱ्या इंजिनात घालायच्या नाहीत, कितीही घाई असली तरी. एखादी रिंग गेली तर त्याच बॅचच्या बाकीच्या कुठल्या इंजिनात आहेत हे तासाभरात कळलं पाहिजे.

रबाळे_रबर:
काका, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. पार्टीशी बोललो. कूलंट ओएटी जातीचं (सेंद्रिय आम्लाचं गंजरोधक असलेलं) आहे, अमाइन नाही असं डब्याच्या डेटाशीटवर दिसतंय. लडाख सध्या नाही, किनारपट्टीवरच टेहळणी, पण पुढे जायची इच्छा आहे. इंधनाच्या रिंग जास्त फ्लोरिनच्या, शाफ्ट सील एफकेएम, बाहेरची रिंग एचएनबीआर, आतली पेरॉक्साइड एफकेएम असं त्यांना लिहून पाठवलं आणि खाचेची मापं परत मागवली, त्यात एका ठिकाणी खाच ९२ टक्के भरतेय! ते बदलायला तयार झालेत. अ‍ॅपेक्स सील इंजिनवाल्याकडूनच घेणार.

आता शेवटचं, इंजिनात घालायच्या आधी माझ्याकडे काय टेस्ट करू? लॅबमध्ये ओव्हन आणि शोअर मीटर आहे, बाकी फार काही नाही.

पावणे_कंपाउंडर:
तेवढ्यात भागेल. स्टीलचं जाड झाकणाचं भांडं बनवून घे ठाणेकरांकडून, रिलीफ व्हॉल्व्हसकट, तो विसरू नकोस कारण आत दाब येणार आहे. इंजिनाच्याच खाचेसारखी खाच असलेल्या दोन प्लेटमध्ये रिंग दाबून त्यांचंच कूलंट भर, १३० डिग्रीला १६८ तास. मग काढ, शोअर किती बदलला, वजन किती वाढलं, रिंगची जाडी किती परत आली. सोबत दोन-तीन तुकडे त्यांच्याच पेट्रोल-ऑइल मिश्रणात ठेव, पण ते घरच्या तापमानाला, पेट्रोल ओव्हनमध्ये अजिबात घालायचं नाही. साधं बिस्फेनॉलवालं व्हायटन पण शेजारी ठेव, फरक पार्टीला डोळ्यांनी दिसला की भावावरून वाद होत नाही.

ठाणेकर_रोटर:
भांडं करून देतो, ड्रॉइंग पाठव. आणि पार्टीला सांग की इंजिन जुळवल्यावर कूलंटच्या जागेत दीड बार हवा भरून गेज बघायचा, एकदा थंड असताना आणि एकदा चांगलं तापवून पूर्ण निवल्यावर. खरी टेस्ट ती दुसरी, कारण सेट झालेली रिंग गरम असताना धरते आणि निवल्यावर सोडते. जमिनीवर चालवताना सकाळच्या पहिल्या स्टार्टला पांढरा धूर किंवा कूलंटच्या टाकीत बुडबुडे दिसले तर त्या दिवशी उडवायचं नाही, उघडायचं.

खारघर_एएमई:
आणि उघडलंत की गेलेली रिंग टाकून देऊ नका. प्लगच्या बाजूचा भाग कुठला ते मार्करने खूण करून बॅच नंबरसकट पिशवीत घालून रबाळेवाल्यांकडे परत पाठवायची. कडक झालीय, फुगलीय, की कापली गेलीय, यावरून पुढची ग्रेड ठरते.